चालता-बोलता न येणारं मूल अंगणवाडीत घ्यावं का, आणि घेतल्यावर काय करावं?

प्रश्न एका ग्रामीण अंगणवाडीच्या सेविकाताईंचा आहे. गावात पावणेचार वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. पाय ताठ, आधाराशिवाय बसता येत नाही, लाळ गळते, बोललेलं फक्त आईला कळतं. आईला त्याला अंगणवाडीत घालायचंय, आजीचा विरोध आहे. एका डॉक्टरांनी "स्पेशल शाळेत घाला" असं सांगून टाकलंय. पटावर अठ्ठावीस मुलं आणि मदतनीस एक. ताई विचारतात, "याला घ्यावं का? आणि घेतलं तर दिवसभर याचं करायचं काय?"

ताई, घ्याच. आणि तो नीट बसायला लागेपर्यंत किंवा बोलायला लागेपर्यंत थांबू नका. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे बसणं, जेवणं, खेळणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी; लहान मुलांसोबत आणि अंगणवाड्यांमधून काम करत आले आहे. "थोडा सुधारू दे, मग घेऊ" असं म्हणता म्हणता पाच-सहा वर्षं घरात खाटेवर काढलेली किती तरी मुलं मी पाहिली आहेत. या वर्षांत मूल भाषा ऐकून ऐकून उचलतं, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओढून घ्यायला शिकतं, रडून आणि हसून आपलं म्हणणं पुढे रेटायला शिकतं. ते एकट्या खाटेवर होत नाही. थेरपीने सांधे आणि स्नायू सांभाळले जातात, पण सोबत्यांची जागा थेरपी घेऊ शकत नाही.

मात्र रोज आणून भिंतीला टेकवून बसवलं आणि बाराला परत दिलं, तर हजेरी लागेल, बाकी काही होणार नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की, दिवसभरात तुम्ही जे जे घेता त्या प्रत्येक गोष्टीत त्याने स्वतः करायचं असं काहीतरी असलं पाहिजे. गोष्ट असो, गाणं असो की खिचडी. ते कितीही छोटं असलं तरी चालेल, पण असलं पाहिजे. पुढचं सगळं याच अंगाने लिहिते.

कायद्याचं आधी उरकते, कारण विरोध करणारे तिथूनच सुरुवात करतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानली आहेत आणि शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता मुलांना सामावून घ्यावं असं कलम १६ मध्ये स्पष्ट आहे. अंगणवाडीचा आहार सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे, तो २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला आहे. आणि केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धतीच जाहीर केली: लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवायचं. म्हणजे कोणी "नियमात बसत नाही" म्हणालं तर नियम तुमच्याच बाजूने आहे. प्रमाणपत्र नाही म्हणूनही अडवता येत नाही.

आयसीडीएस, म्हणजे अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना, २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. 'सर्व मुलांसाठी' असं म्हणणाऱ्या या योजनेतून दिव्यांग मुलं प्रत्यक्षात कशी बाहेर राहतात, हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम करणाऱ्या डॉ. मिठू अलूर यांनी नव्वदच्या दशकात आपल्या पीएचडीच्या अभ्यासात मांडलं. कोणी मुद्दाम हाकललं नव्हतं, फक्त कोणी बोलावलं नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते, कारण अंगणवाडीची मुळं आपल्याच मातीतली आहेत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल येत नसेल तर आपण जायचं, हा त्यांचा धडा. तेव्हा आजी "नको" म्हणत असेल तर पहिले दोन-चार दिवस तुम्ही त्याच्या अंगणात जा, दोन मुलं बरोबर घेऊन.

आता बसण्याचं. सगळ्यात जास्त वेळ यासाठी द्या, कारण याच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

अंगणवाडीत सगळी मुलं सतरंजीवर पाय पसरून किंवा मांडी घालून बसतात. या मुलाला तसं पाय लांब करून बसवलंत तर नीट निरखून पाहा. मांडीच्या मागचे स्नायू ताठ असल्यामुळे ते कंबरेला मागे खेचतात, पाठीला पोक येतं, मान पुढे पडते आणि पडू नये म्हणून तो दोन्ही हात जमिनीला टेकवतो. झालं, हात अडकले. आता त्याच्यासमोर कितीही छान खेळणी ठेवा, तो घेणार कशाने? बघणाऱ्याला वाटतं, याला काही गोडी नाही. दोष बसण्याच्या पद्धतीत असतो आणि नाव मुलाच्या बुद्धीचं खराब होतं.

त्यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला लोड. जुनी सतरंजी किंवा गोधडी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा आणि वरून चादर शिवा. जाडी एवढी हवी की त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसल्यावर त्याचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. पाय फाकलेले राहिले की ताठपणा कमी होतो आणि कंबर सरळ येते. मागे कोणीतरी मोठं माणूस हवं, म्हणून गोलात बसण्याच्या वेळी, गाण्या-गोष्टीला, दहा-पंधरा मिनिटं हा लोड वापरा. तो बाकीच्यांच्या उंचीवर येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा उपाय म्हणजे कोपऱ्याची खुर्ची. गावातल्या सुताराकडून करून घ्या. पाठ सपाट नको, दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या हव्यात, म्हणजे खांदे आपोआप पुढे येतात आणि हात समोर जुळतात. मापं त्याच्याच अंगावरून घ्यायची. बैठकीची उंची म्हणजे गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंतचं अंतर. बैठकीची खोली म्हणजे कुल्ल्याच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन बोटं कमी. दोन पायांच्या मधे, गुडघ्यांपाशी एक गुळगुळीत, कापड गुंडाळलेला ठोकळा, पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून. पट्टा पोटावर किंवा छातीवर नको, जांघेच्या घडीवरून बांधायचा. गळ्याजवळ येईल असं काहीही बांधायचं नाही. समोर त्याच्या कोपराच्या उंचीचं छोटं मेज. ही खुर्ची झाली की एकदा थेरपिस्टला दाखवा, मुलाप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. आणि चांगली झाली म्हणून दिवसभर तीत अडकवून ठेवू नका. वीस-तीस मिनिटांनी जागा बदला. छातीखाली उशी देऊन पोटावर झोपवलं तरी तो मान उचलून चित्रं बघतो.

उचलताना हात धरून ओढायचं नाही. त्याचे गुडघे-कंबर वाकवून, पाय फाकवून उचला. आपल्याकडे कडेवर घ्यायची जी पद्धत आहे ती अशा मुलांना खरं तर मानवते.

मग दिवसातल्या गोष्टी घ्या. हजेरीच्या वेळी नाव घेतल्यावर तो "हजर" म्हणू शकत नसेल तर मनगटाला घुंगराचा पट्टा बांधा, त्याने हात हलवला की हजर. गाण्यात त्या घुंगरांचा ठेका त्याचाच. गोष्टीत पान उलटायचं काम त्याला द्या. पानाच्या कडेला आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा चिकटवला की पान नीट हाती येतं. खडू जाड हवा, किंवा त्याच्याभोवती चिंधी गुंडाळायची. कणकेचा गोळा, वाळू, पाणी, बिया हे सगळ्यांनाच आवडतं आणि त्यात कोणी मागे पडत नाही. म्हणून आठवड्याच्या आखणीत असे खेळ जास्त घ्या, वेगळी तयारी करावी लागत नाही.

मामाचं पत्र हरवलं हा खेळ तुम्ही घेतच असाल. यात तो धावू शकत नाही, म्हणून त्याला बाजूला बसवून टाळ्या वाजवायला लावतात. त्यापेक्षा एक जोडीदार द्या. रुमाल त्याच्या मागे पडला की त्याने घुंगरू वाजवायचं आणि जोडीदाराने धावायचं. घुंगरू वाजल्याशिवाय धावायचं नाही, हा नियम पक्का. दोन दिवसांत मुलं श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघायला लागतात. अख्खा गोल आपल्यासाठी थांबलाय, हे त्याला कळतं. जोडीदार मात्र रोज बदला. एकाच समजूतदार मुलीला "तू त्याच्याकडे बघ" म्हणून जुंपू नका. तीसुद्धा चार वर्षांचीच आहे, तिलाही खेळायचंय.

बोलण्याबद्दल. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं धरून चालू नका. सेरेब्रल पाल्सीत बऱ्याचदा तोंडाचे, जिभेचे स्नायू साथ देत नाहीत, पण समज अगदी वयाप्रमाणे असलेली कितीतरी मुलं असतात. त्याचा 'हो' कसा असतो आणि 'नाही' कसा, हे आईला विचारून घ्या. कोणी वर बघून हो म्हणतो, कोणी तोंड उघडून. मग दोन वस्तू समोर दूर दूर धरा, "चेंडू हवा की बाहुली?" आणि तो जिकडे बघेल ती द्या. इथे सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या अंकाला त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळे होतो. बिस्किटाच्या पुड्याचं कव्हर, पाण्याच्या पेल्याचं चित्र, शू-शीचं चित्र अशी कार्डं एका दोरीला अडकवून त्याच्या मेजाला बांधा. कार्डं वापरल्याने बोलणं मागे पडेल अशी भीती पालकांना असते, ती काढून टाका; तसं होत नाही.

खिचडीच्या वेळी सर्वात जास्त काळजी घ्यायची. असं मूल भरवताना घरी बहुतेक आडवं धरतात, मान मागे टाकतात आणि पातळ काहीतरी घशात ओततात. यातून अन्न श्वासनलिकेत जातं आणि मूल पुन्हा पुन्हा न्यूमोनियाने आजारी पडतं. त्याला खुर्चीत सरळ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे, तुम्ही समोर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही उभ्या राहून भरवलंत तर तो वर बघणार आणि मान मागे जाणार. खिचडी घोटून घट्टसर करा. पातळ आमटी आणि पाणी हे त्याच्यासाठी भातापेक्षा अवघड असतं. उथळ चमचा, थोडाच घास, चमचा जिभेवर हलका दाबून थांबा, ओठ मिटू द्या, मग सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर घासून ओतू नका. आधीचा घास गिळला का ते बघूनच पुढचा. जेवताना खोकला येतो, डोळ्यांतून पाणी येतं, आवाज घोगरा-ओला होतो, असं दिसलं तर भरवणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. याचं वजन बहुतेक कमीच भरेल. पाय वाकलेले असल्याने उंची नीट मोजता येत नाही, म्हणून दंडघेर जरूर घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर तो तीव्र कुपोषित आहे, "अशी मुलं बारीकच असतात" म्हणून सोडून देऊ नका.

आकडी येते का, हे आईला पहिल्याच दिवशी विचारा. येत असेल तर औषध चालू आहे का ते पाहा. अंगणवाडीत आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. मदतनीसताईंनाही हे पाठ असू द्या.

आता माणसं. मुलं विचारतील, "हा असा का बसतो? याची लाळ का गळते?" त्यांना गप्प करू नका. "याचे पाय आणि तोंड लवकर ऐकत नाहीत. तुम्हाला लागत नाही हा आजार. त्याला तुमच्याशी खेळायचंय." एवढं पुरतं, चार वर्षांच्या मुलांना यापेक्षा जास्त नको असतं. लाळेसाठी गळ्याला कापड लावायचं असेल तर ते शर्टाच्या रंगाचं, स्वच्छ, दोन-तीन जादा ठेवा. वासामुळे मुलं लांब पळतात, आणि तो प्रश्न कापड बदलल्याने सुटतो.

मोठ्यांचं जरा जड जातं. आजीच्या "लोकांना कशाला दाखवायचं" यामागे बहुधा लाज असते, आणि सुनेवर ढकललेला दोषही. ग्रहणात काही चिरलं होतंस का, असे प्रश्न त्या आईने किती वेळा ऐकले असतील. हा मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम आहे. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा लगेचच्या काळात, प्राणवायू कमी पडल्याने, फार लवकर जन्मल्याने, तीव्र काविळीने किंवा जंतुसंसर्गाने तो होऊ शकतो, आणि ग्रहणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे गृहभेटीत आजीसमोर आणि बापासमोर स्पष्ट बोला. आईला एकटीला सांगून उपयोग नसतो, ऐकायचं इतरांनी असतं.

इतर पालक म्हणतील, "आमच्या पोरांकडे दुर्लक्ष होईल." त्यांना मातांच्या बैठकीत बोलावून तास बघू द्या. घुंगरू, चित्रकार्डं, कणिक, हळू बोलून थांबणं याचा फायदा अबोल असलेल्या किंवा नुकत्या आलेल्या अडीच-तीन वर्षांच्या मुलांनाही होतो, हे त्यांना दिसेल.

पण तुमची अठ्ठावीस मुलं आणि मदतनीस चुलीपाशी, ही अडचण खरी आहे. ती तुमची कमजोरी म्हणून कोणी मांडू नये. पर्यवेक्षिकांना लेखी कळवा की, इथे सेरेब्रल पाल्सीचं मूल आहे, प्रशिक्षण आणि साहित्य हवं आहे. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपवर, त्याची दिव्यांग म्हणून नोंद करा, नोंद नसली तर मागणीला आधार राहत नाही. पहिले काही दिवस आईला सोबत बसू द्या, तेही दोनच तास. मग ती दाराशी, मग घरी. ती रोज दिवसभर बसली तरच मूल घेऊ, ही अट घालू नका. तिला शेतात जायचं असतं, आणि ती शेजारी असेपर्यंत तो दुसऱ्या कोणाकडे बघत नाही.

डॉक्टरांच्या "स्पेशल शाळेत घाला" बद्दल माझं मत उघड सांगते. विशेष शाळांचं काम मोठं आहे आणि काही मुलांना पुढे त्यांची गरज लागतेच. पण गावाकडच्या मुलासाठी ती शाळा बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि वसतिगृहाची असते. पावणेचार वर्षांच्या, गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला आईपासून तोडून तिथे ठेवायला मी कधीही सांगणार नाही. घराजवळची अंगणवाडी आणि जोडीला नियमित थेरपी, हेच या वयाला योग्य.

थेरपीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्याकडे वर्षातून दोनदा येतं, पुढच्या भेटीत हा मुलगा हजर असेल असं बघा आणि संदर्भ चिठ्ठी घ्या. तिथून जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं असतं. भेट लांब असेल तर वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाठवा. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, आणि निरामय आरोग्य विम्यासाठीही. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या या योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. या मुलाचा त्रास डोळ्यांना दिसतो म्हणून प्रश्न तरी आला. तुमच्या अठ्ठावीसमध्ये एखादं असंही असेल जे हाकेला वळत नाही, त्याला सगळे हट्टी म्हणतात. मागून, ओठ दिसणार नाहीत असं उभं राहून त्याचं नाव घ्या, वाटी वाजवा. शंका आली तर "उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला" यावर विसंबू नका, बेरा तपासणीला, म्हणजे कानाच्या तपासणीला पाठवा. ऐकू येण्याच्या बाबतीत एकेक महिना मोलाचा असतो. दोन वर्षं पूर्ण होऊन दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तेव्हाही तसंच.

आता पुन्हा आपल्या पावणेचार वर्षांच्या मुलाकडे येते. तो सहा वर्षांचा होईल तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत जाईल. त्याची तयारी जूनमध्ये सुरू करू नका, त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत करा. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा, शाळेची पायरी आणि संडास बघून या, उतार करायचा तर तो उन्हाळ्याच्या सुट्टीत होतो. खुर्ची त्याच्याबरोबर शाळेत गेली पाहिजे, वाढलेल्या मापाची. आणि पहिलीच्या बाईंना एका कागदावर लिहून द्या: हा कसा बसतो, हो-नाही कसं सांगतो, काय आणि कसं खातो, आकडी येते का, कोणत्या खेळात खुलतो, कोणत्या मुलांशी त्याची गट्टी आहे. त्या मुलांपैकी दोघं तरी त्याच्याच वर्गात यावीत, हे मुख्याध्यापकांना आवर्जून सांगा.